एसाविरा (मोरोक्को): डिसेंबरात आईला घेऊन, शाकाहारी. किती दिवस, काय बघायचं, काय टाळायचं?

शाहूपुरी_सातारा:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं मोरोक्कोला चाललोय. मी, बायको आणि आई (वय ६८, सपाटीवर तासभर चालते, जिने नकोत). मुंबईहून आखातात विमान बदलून कासाब्लांका, तिथून आगगाडीने मराकेश. वाळवंट आणि फेस शहर वगळलंय, त्याऐवजी समुद्रकाठी निवांत गाव म्हणून एसाविरा धरलंय. विचारायचं ते असं:

१) टूरवाला म्हणतो मराकेशहून सकाळी जाऊन रात्री परत या, एवढंच बघण्यासारखं आहे. खरं का?
२) वाऱ्याबद्दल फार वाचलं. डिसेंबरात किनाऱ्यावर बसता येतं का? पाण्यात उतरता येतं का?
३) आई अंडंसुद्धा खात नाही, बायको शाकाहारी, मी मासे खातो. जमेल का?
४) तटबंदी आणि बाजार सोडून काय?
५) आर्गन तेल (तिकडच्या एका झाडाच्या बियांचं) आणि लाकडी पेट्या घ्यायच्यात. फसवणूक कुठे होते?

चाळकेवाडीचा_वारा:
क्रमांक १ चं उत्तर: नको. मराकेश ते एसाविरा सुमारे १८० किलोमीटर, बसने अडीच ते तीन तास. वाटेत आर्गनच्या दुकानात ‘दहा मिनिटं’ थांबवतात, ती पाऊण तासाची होतात. जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत गेले की गावात उरतात चार-पाच तास, आणि तेही नेमके दुपारचे. या गावात दुपार हीच सगळ्यात वाईट वेळ. तीन रात्री ठेवा. दोन किमान.

आता वारा. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या आहेत हे साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. एसाविरा तसलंच, फक्त समुद्राला लागून. अटलांटिकवर अझोर्स बेटांजवळ हवेचा दाब जास्त असतो, उन्हाळ्यात तापलेल्या सहारावर कमी. त्या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात किनाऱ्याला घासत उत्तर-ईशान्येचा वारा वाहतो. एप्रिल ते सप्टेंबर जोर सर्वांत जास्त, रोज दुपारी वाढतो, सूर्य कलला की पडतो. हाच वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. म्हणून मराकेश चाळिशीत भाजत असताना एसाविरात पंचविसाच्या आसपास असतं, आणि म्हणूनच तिथे तारली (तिकडची सार्डिन) इतकी मिळते. थंड पाण्याबरोबर माशांचं खाद्य वर येतं.

तुम्ही डिसेंबरात जाताय, म्हणजे वाऱ्याचा हंगाम नाही. वारा अनियमित, काही दिवस अगदी शांत. दिवसा १८-२० अंश, रात्री १०-१२. महाबळेश्वरच्या थंडीइतपत धरा, पण हवा दमट, त्यामुळे ती अंगात शिरते. अधूनमधून पाऊस. पाणी १७-१८ अंश. पाय बुडवा, पोहायचं असेल तर जाड रबरी सूट भाड्याने घ्या. उपसागराच्या तोंडाशी मोगादोर बेट आडवं आहे, त्यामुळे गावासमोर लाटा लहान आणि किनारा लांबवर उथळ. वाळवंटाचा स्कार्फ वगैरे विकत घ्यायची गरज नाही, पण वारा न शिरणारं जाकीट आणि कान झाकणारी टोपी तिघांनाही हवीच.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. मोरोक्कोची वेळ रमजान सोडून वर्षभर जीएमटी अधिक १ असते (भारत साडेचार तास पुढे). एसाविरा देशाच्या पश्चिम टोकाला, त्यामुळे डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. ‘सकाळी सातला किनाऱ्यावर फेरी’ असलं नियोजन केलंत तर काळोखात चालाल. नऊ ते साडेबारा किनारा, दुपारी तटाच्या आत, पाचला पुन्हा समुद्राकडे.

विश्रामबाग_सांगली:
वरच्यांशी एका बाबतीत सहमत नाही. ज्याला नुसती ‘स्थळं’ बघायची आहेत त्याला एसाविरात खरंच एक दिवस पुरतो. यादी छोटी आहे. पण म्हणून एका दिवसात ये-जा करा असं नाही. मराकेशच्या गर्दीतून सुटका म्हणून जायचं असेल तर मुक्काम करा, यादी करायची असेल तर जाऊच नका. मराकेशलाच राहा.

बसचं सांगतो. दोन कंपन्या धरा: सुप्रातूर आणि सीटीएम. सुप्रातूर रेल्वेशी जोडलेली, तिचा थांबा मराकेश स्टेशनला लागूनच, म्हणजे कासाब्लांकाहून गाडीने उतरून सामान ओढत पलीकडे जायचं एवढंच. एसाविरापर्यंत रेल्वे नाही, तिकीट काढताना गोंधळू नका. जागा आरक्षित असते, शुक्रवार-रविवारी भरते, दोन-तीन दिवस आधी ऑनलाइन काढा. मोठ्या बॅगेची वेगळी पावती काउंटरवर घ्यावी लागते, थोडे दिरहॅम (तिकडचं चलन). ती बस सुटायच्या आधी वीस मिनिटं घ्या, नाहीतर शेवटच्या क्षणी रांगेत अडकाल. तिघं आहात, आई बरोबर आहेत, म्हणून पूर्ण टॅक्सी करायचा मोह होईल. मग बसतानाच ठरवा: ‘दुकानात थांबायचं नाही’. नाहीतर चालकाचं कमिशन तुमच्या वेळातून निघतं.

वाटेत झाडावर चढलेल्या शेळ्या दिसतील. आर्गनच्या झाडावर शेळ्या स्वतःहून चढतात हे खरं आहे, फळं खायला. पण हमरस्त्याकडेला एकाच झाडावर दहा-बारा शेळ्या पुतळ्यासारख्या उभ्या दिसल्या, खाली माणूस पैसे मागतोय, तर त्या चढवलेल्या आहेत. फळं नसलेल्या महिन्यांतही तिथेच असतात, यावरून ओळखा. थांबू नका.

माहुली_घाट:
आईंच्या सोयीने गाव कसं फिरायचं ते लिहितो.

आधी रचना समजून घ्या म्हणजे हरवणार नाही. फेसच्या गल्ल्या शेकडो वर्षांत वाढत गेल्या, म्हणून चक्रव्यूह. एसाविराचा जुना भाग (मदिना) १७६० च्या दशकात सुलतान सिदी मोहम्मद बेन अब्दल्ला याने एकदम आखून बांधला, आखणीत तेओदोर कोर्नू नावाचा फ्रेंच अभियंता होता. म्हणून मुख्य रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. गावाचं जुनं नाव मोगादोर. २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. एका टोकाला बाब दुक्काला, दुसऱ्या टोकाला बंदर, मधला रस्ता सरळ. बाब म्हणजे दरवाजा. साताऱ्याच्या पेठांपेक्षा वाट शोधायला सोपं. आणि सगळं सपाट आहे, चढण नाही.

मदिनेत मोटारी येत नाहीत. टॅक्सी दरवाजाबाहेर सोडते. तिथे हातगाडीवाले उभे असतात, बॅगा गाडीवर टाकून मुक्कामापर्यंत पोहोचवतात. २०-३० दिरहॅम, पण सुरू करण्याआधी ठरवून घ्या. दिरहॅमचा रुपयातला भाव जायच्या आधी बघून घ्या.

मुक्काम: जुने वाडे (रियाद) सुंदर, पण लिफ्ट जवळजवळ कुठेच नाही आणि जिने अरुंद, वळणाचे, उंच पायऱ्यांचे. आईंसाठी तळमजल्याची खोली लेखी मागून घ्या. त्याची किंमत अशी की तळमजल्याला उजेड कमी आणि ओल जास्त. समुद्राच्या तटाला लागून असलेल्या वाड्यांत तर भिंती घाम गाळतात. दोन प्रश्न विचारा: खोलीला बाहेरची खिडकी आहे का, आणि हीटर खोलीत आहे की फक्त बैठकीत. ‘हीटिंग आहे’ म्हणजे अनेकदा गच्चीवरच्या एसीचं गरम बटण. तटापासून दोन गल्ल्या आतला वाडा घेतला तर रात्रीचा लाटांचा आणि सीगल पक्ष्यांचा आरडाओरडाही कमी. जिन्याचा प्रश्नच नको असेल तर किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर लिफ्टवाली नेहमीची हॉटेलं आहेत, मदिना तिथून पायी दहा-पंधरा मिनिटं.

स्काला द ला कसबा म्हणजे समुद्राकडची तोफांची तटबंदी. वर जायला पायऱ्यांऐवजी उतरता रस्ता आहे, तोफा चढवण्यासाठी केलेला, त्यामुळे आई सहज जातील. स्पेनमध्ये ओतलेल्या पितळी तोफा रांगेने समुद्राकडे तोंड करून आहेत. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचा. कठडा काही ठिकाणी बुटका आणि वारा खरा असतो, मोबाईल हात लांब करून धरू नका. बंदराजवळ दुसरी स्काला आहे, तिथे तिकीट लागतं आणि बुरुजावर जिना आहे. मदिनेचा तो प्रसिद्ध फोटो, गोल खिडकीतून दिसणारा, तिथूनच निघतो. आई खाली बंदरात बसतील, तुम्ही दोघं वर जाऊन या.

बंदर मात्र सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं. निळ्या लाकडी होड्यांची दाटी, जाळी दुरुस्त करणारे, आणि बाजूच्या आवारात लाकडी नौका बांधतात तेही दिसतं: सांगाडा उभा, वर फळ्या ठोकणं चालू. सकाळी जा. जमीन ओली आणि माशांच्या पाण्याने बुळबुळीत, चप्पल नको, तळव्याला पकड असलेले बूट. हातात खाण्याचं काही धरू नका, सीगल खांद्यावरून झडप घालतात.

ज्यू मोहल्ला (मेल्लाह) बघायचा तो इतिहासासाठी. एकोणिसाव्या शतकात गावाच्या लोकसंख्येत ज्यूंचा वाटा फार मोठा होता, सुलतानाच्या वतीने परदेशी व्यापार करणारे व्यापारी त्यांच्यातलेच. इंग्लंडहून येणारा चिनी हिरवा चहा याच बंदरातून देशात पसरला, म्हणजे आज मोरोक्कोत जो पुदिन्याचा चहा पाण्यासारखा पितात त्याची एक वाट इथून जाते. ‘बायत दाकिरा’ हे २०२० मध्ये खुलं झालेलं स्मृतिकेंद्र आणि त्याच वास्तूतलं सिमोन आत्तिआस सिनेगॉग जरूर बघा. मेल्लाहचा बराच भाग पडझडीला आलाय, काही जागी नवीन बांधकाम. अंधार पडल्यावर तिकडे नको.

मशिदीत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही. दारातून डोकावून फोटोही नको.

कृष्णाकाठचा_बल्लव:
खाण्याचं. मोरोक्कोत ‘शाकाहारी’ म्हटलं की ‘मांसाचे तुकडे काढून ठेवलेलं’ असा अर्थ होऊ शकतो. भाज्यांचा ताजीन (मातीच्या शंकूझाकणी भांड्यातला रस्सा) बऱ्याच ठिकाणी मांसाच्याच रश्श्यात शिजतो किंवा त्याच भांड्यातून काढून देतात. हरीरा सूपमध्येही मांस किंवा त्याचं पाणी असतं. म्हणून नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका. असं म्हणा: ‘ब्ला ल्हम, ब्ला द्जाज, ब्ला हूत’, म्हणजे मांसाशिवाय, कोंबडीशिवाय, माशाशिवाय. आणि अंड्यासाठी ‘ब्ला बीद’. फ्रेंच लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवली तर आणखी बरं, आणि त्यात ‘रस्सासुद्धा नको’ हे वेगळं लिहून घ्या. गोम तिथेच आहे.

आईंना निर्धास्त देता येईल असं:
– बिसारा: सुक्या पावट्यासारख्या दाण्यांचं (फावा) घट्ट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. आपल्या पिठल्याची लांबची बहीण. सकाळी छोट्या टपऱ्यांवर, थंडीत हमखास. स्वस्त आणि पोटभरीचं.
– म्सेम्मेन: घडीची चौकोनी पोळी, तव्यावर. बगरीर: जाळीदार घावन, बहुधा रव्याचं. हर्शा: रव्याची जाड भाकरी. तिन्ही मध-लोण्याबरोबर. बगरीरमध्ये कुणी कुणी अंडं घालतात, विचारा.
– झालूक: वांग्या-टोमॅटोचं भरीत, लसूण-जिऱ्याचं. भाकरीवर टाकलं तर कोणी ओळखणार नाही. तक्तूका: भाजलेल्या ढोबळी मिरचीचं.
– शुक्रवारी दुपारी कूसकूस असतो. सात भाज्यांचा म्हणतात, पण मांसाच्या रश्श्याच्या वाफेवरच शिजवतात. घरगुती ठिकाणी आदल्या दिवशी वेगळा सांगा.

तिखट काहीही नसतं. हरिसा ही लाल मिरचीची चटणी मागितली तर मिळते, पण आपल्या जिभेला ती सौम्यच. सांगलीचं भडंग, लसणाची चटणी, मेतकूट घेऊन जा, बाकी लोणच्याच्या बरण्या नेऊ नका. विमानाच्या पोटात तेल सुटतं आणि कपडे जातात.

तुमच्यासाठी मासे. मुख्य चौक (प्लास मुले हसन) आणि बंदराच्या मधे मासे भाजून देणाऱ्या टपऱ्या आहेत. मासे मांडलेले, तुम्ही निवडायचे, ते जाळीवर भाजणार. भानगड वजनात होते. पाटीवरचा भाव किलोचा की १०० ग्रॅमचा हे बघा. निवडलेले मासे तुमच्यासमोर तोलून घ्या आणि ब्रेड, सॅलड, पाणी धरून एकूण किती ते भाजण्याआधीच बोलून घ्या. लॉबस्टर, मोठी कोळंबी यांतच बिल फुगतं. तारली सगळ्यात स्वस्त, ताजी आणि चवीला पहिली. दुसरी पद्धत मला जास्त पटते: बाजारातल्या मासळीगल्लीत स्वतः विकत घ्या, लागूनच भाजून देणारे असतात, ते थोडी मजुरी घेऊन देतात. ताजेपणा बघण्याची आपली रीत तीच, डोळा फुगीर, कल्ले लाल, बोट दाबलं तर खड्डा राहू नये. बायको आणि आईंना त्या धुरात बसायला लावू नका, त्या दोघी चौकातल्या चहाच्या दुकानात बसतील.

नळाचं पाणी नको, बाटली घ्या.

शाहूपुरी_सातारा:
फार उपयोगी. चहाच्या दुकानात बसवण्याची सूचना घरी वाचून दाखवली, लगेच मंजूर झाली. तेल आणि लाकडाचं कुणी सांगेल का? आणि किनाऱ्यावरून ते पडकं बुरुज-बांधकाम दिसतं तिकडे चालत जाता येतं का? मुलाने ड्रोन घेऊन जा म्हणून सांगितलंय.

चाळकेवाडीचा_वारा:
ड्रोन नेऊ नका. मोरोक्कोत परवान्याशिवाय ड्रोन देशात आणायलाच बंदी आहे, विमानतळावर बॅग स्कॅन होते आणि ड्रोन ठेवून घेतात. परत जाताना मिळवायला कागदपत्रांची कटकट.

ते पडकं बांधकाम बोर्ज एल बारूद. गावापासून दक्षिणेला किनाऱ्याने सुमारे तीन किलोमीटर, कडक ओल्या वाळूवरून. ओहोटीला जा, भरतीला ते पाण्यात असतं. त्याच्या अलीकडे-पलीकडे कसोब नदीचं मुख आहे. पावसानंतर दोन-तीन दिवस ते ओलांडू नका, पाणी कमी दिसतं पण तळाची वाळू सरकते. आईंना एवढं चालणं नको, त्या उंटावर किंवा घोड्यावर बसायच्या असतील तर तो व्यवहार किनाऱ्यावर होतो. ‘एक तास’ ठरवलेला अर्ध्या तासात संपतो हीच नेहमीची तक्रार, म्हणून तास ठरवू नका, ‘अमुक जागेपर्यंत आणि परत’ असं अंतर ठरवा. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, बसणारा पुढे झुकतो. अडुसष्टव्या वर्षी कंबरेला तो झटका नको असेल तर घोडागाडीच बरी.

नदीपलीकडे दियाबात गाव. तिथे अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या नावाने कॅफे दिसेल. तो १९६९ मध्ये काही दिवस एसाविरात आला होता, एवढं खरं. वाळूत गाडलेला सुलतानाचा वाडा पाहून त्याला गाणं सुचलं ही कथा मात्र बनावट, कारण ते गाणं १९६७ मध्येच प्रसिद्ध झालं होतं.

समोरच्या बेटावर परवान्याशिवाय उतरता येत नाही, संरक्षित आहे. एलेओनोराचा ससाणा तिथे अंडी घालतो, पण हिवाळ्यात तो मादागास्करकडे गेलेला असतो. म्हणजे डिसेंबरात होडीची फेरी ‘ससाणे दाखवतो’ म्हणून विकली तर पैसे देऊ नका. प्राचीन काळी याच बेटांवर समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढत, रोमन श्रीमंतांच्या वस्त्रांचा. म्हणून त्यांना जांभळी बेटं म्हणतात. रंगाने नाहीत ती जांभळी.

तासगावचा_बेदाणा:
आर्गनचं. झाड याच भागात वाढतं, १९९८ पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. एक लिटर तेलाला साधारण ३० किलो फळ आणि हाताने काढलं तर जवळजवळ पूर्ण दिवसाचं काम लागतं, कारण कवच बदामापेक्षा कठीण आणि दगडावर दगड ठेवून एकेक फोडावं लागतं. हा हिशेब लक्षात ठेवला तर रस्त्याकडेला पाण्याच्या बाटलीत ‘शुद्ध, स्वस्त’ म्हणून मिळतं ते काय असेल हे कळतं. बहुतेक सूर्यफूल.

दोन प्रकार वेगळे. खाण्याचं: बिया भाजून काढलेलं, रंग गडद सोनेरी, वास भाजलेल्या शेंगदाण्या-बदामासारखा. त्वचेचं: न भाजता काढलेलं, फिकट, वास जवळजवळ नाही. त्वचेच्या तेलाला गुलाबाचा वास येत असेल तर काहीतरी घातलंय. तळहातावर एक थेंब चोळा, मिनिटभरात मुरायला हवं, चिकट राहिलं तर भेसळ. ही परीक्षा काटेकोर नाही, पण ढोबळ फसवणूक पकडते. सीलबंद, गडद काचेची, उत्पादनाची तारीख छापलेली बाटली घ्या. महिलांच्या सहकारी संस्था भरपूर आहेत, मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक ‘को-ऑपरेटिव्ह’ पाटीमागे सहकार असेलच असं नाही. दारात दोन बायका बिया फोडायला बसवल्यात आणि आत कारखान्याचा माल, असंही असतं. सांगलीकराला सहकार म्हणजे काय आणि पाटी म्हणजे काय हा फरक समजावायला नको.

खाण्याच्या तेलात फोडणी देऊ नका, वास उडतो. भाजीवर, डाळीवर कच्चं ओता. भारतात आल्यावर अंधारात, उघडल्यावर फ्रिजमध्ये, चार-सहा महिन्यांत संपवा. हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर चालत नाही, मोठी बाटली सामानात, दोन पिशव्यांत गुंडाळून.

पण विचाराल तर तेलापेक्षा अमलू घ्या. भाजलेले बदाम, आर्गन तेल, मध वाटून केलेलं. पोळीला लावायला. तेल वर येतं, ढवळून घ्यायचं. शेंगदाणे घातलेलं स्वस्त अमलूही विकतात, झाकणावरचे घटक वाचा.

मिरजेचा_तंबोरा:
लाकूड आणि वाद्य, दोन्ही आमच्या गल्लीचे विषय.

तिथलं लाकूड म्हणजे थुया, सरूच्या (सायप्रसच्या) कुळातलं. तटाखालच्या, पूर्वी दारूगोळा ठेवायच्या कमानींच्या खोल्यांत कारागीर बसतात. सरळ खोडाचं लाकूड साधं असतं. महाग ते जमिनीखालच्या गाठीचं, ज्यात डोळ्यांसारखी नक्षी दिसते. ती गाठ काढायची तर झाड मुळासकट जातं, म्हणून मोठं टेबल घेण्यापेक्षा छोटी पेटी घ्या. ओळखायला: झाकण उघडून आत नाक घाला. खऱ्या थुयाला आतूनही उग्र गोडसर वास येतो. फक्त बाहेरून येत असेल तर वर तेल चोळलंय. मग खालची बाजू बघा. नक्षी वरून कडेपर्यंत आणि कडेवरून खाली सलग जात असेल तर भरीव, कडेला तुटत असेल तर वर पातळ पापुद्रा चिकटवलेला. पापुद्र्याचं काम वाईट नाही, पण भरीवाच्या भावात घेऊ नका. चकचकीत जाड वार्निश असलेलं टाळा, खालचे भेगा भरलेले डाग त्यात झाकतात.

आणि घरी आल्यावर काय होतं ते आधी ऐका. एसाविराच्या समुद्री ओलाव्यात ते लाकूड मुरलेलं असतं. साताऱ्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ते आकसतं, झाकण वाकतं, जोड उघडतो. आल्याबरोबर काचेच्या कपाटात उन्हासमोर ठेवू नका. महिनाभर कापडात गुंडाळून बंद कपाटात, मग हळूहळू बाहेर. दोन-तीन महिन्यांनी जवसाच्या तेलाचा पातळ हात.

आता संगीत. गावाची ओळख ग्नावा संगीत. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांची परंपरा, २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात. मोठा महोत्सव १९९८ पासून जूनमध्ये भरतो, डिसेंबरात तो नाही. पण छोट्या कॅफेंत संध्याकाळी वाजवतात, उस्तादाला ‘मालेम’ म्हणतात. वाद्य गुएंब्री: अख्ख्या ओंडक्यातून कोरलेला लांबट खोका, वर उंटाचं कातडं, तातीच्या तीन तारा. खुंट्या नाहीत, दांड्यावर चामड्याच्या वाद्या सरकवून सुरात आणतात. तार छेडताना बोटं कातड्यावर आपटतात, म्हणजे एकच माणूस सूर आणि ठेका दोन्ही. दांड्याच्या टोकाला पत्र्याची कड्या लावलेली पट्टी असते, ती मुद्दाम झणझणते. तंबोऱ्याची जवारी ज्याने जुळवलीय त्याला हे लगेच कळेल: स्वच्छ आवाज नकोच आहे, झणकार हवाय. जोडीला लोखंडी करताल, ‘क्राकेब’. चिपळ्यांसारख्या हातात धरायच्या, पण आवाज बंद खोलीत कान फोडणारा. आईंना पुढच्या रांगेत बसवू नका.

विकत घ्यायचं तर क्राकेब घ्या, सामानाच्या बॅगेत टाका (हातातल्या बॅगेत लोखंड अडवतात). गुएंब्री दुकानात टांगलेले बहुतेक शोभेचे: बकऱ्याचं पातळ कातडं, नायलॉनच्या तारा. वाजवायचा हवा असेल तर खोका मागून सांधलेला नसावा, कातडं बोटाने टिचकी मारल्यावर कोरडं वाजावं. मिरजेच्या पावसात ते कातडं ढिलं पडतंच, त्याला इलाज ऊन आणि सबुरी.

विश्रामबाग_सांगली:
राहिलेलं एक: तुमच्या मुक्कामात रविवार येत असेल तर हद द्राचा आठवडी बाजार बघा, मराकेशच्या दिशेला सुमारे ३० किलोमीटर. ‘हद’ म्हणजेच रविवार. तिकडे गावांना बाजाराच्या वाराचं नाव असतं, तुमच्या पेठांसारखं. उंट, गाढवं, मेंढ्या, धान्य, जुनं लोखंड. दहाच्या आत पोहोचा, दुपारी उठतो. कत्तलखाना लागूनच असतो, बायको आणि आईंना ते नको असेल तर जनावरांच्या बाजूने न जाता धान्याच्या बाजूने आत शिरा.

व्हिसा: भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा मिळतो, एकदा प्रवेश, ३० दिवसांपर्यंत. तिघांचे तीन वेगळे अर्ज, आईंचा आधी भरा, जुन्या पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग बरेचदा वेगळं असतं. छापील प्रत बरोबर. दिरहॅम भारतात मिळत नाहीत, युरो घेऊन जा, विमानतळावर गरजेपुरते बदला, पावती ठेवा. परत बदलताना मागतात.

शाहूपुरी_सातारा:
मग असं ठरवतो: शुक्रवारी मराकेशहून सकाळची बस, तीन रात्री, रविवारी हद द्रा, सोमवारी परत. तळमजल्याची खोली, बाहेरची खिडकी. कूसकूस मात्र शुक्रवारचा, म्हणजे पोहोचतो त्याच दुपारी.

कृष्णाकाठचा_बल्लव:
मग गुरुवारीच मुक्कामाच्या जागी संदेश पाठवा: तीन माणसं, कूसकूस, दोघींना मांसाच्या वाफेशिवाय वेगळ्या भांड्यात. वाफेचं भांडं दोन मजली असतं, खाली रस्सा, वर कूसकूस. ‘खालच्या भांड्यात फक्त भाज्या’ असं लिहा, नुसतं ‘वर मांस ठेवू नका’ असं नाही.